नागीण नव्हे, हर्पीस

गेल्या महिन्यात हट्टा गावी माहेरी होते, पहिल्या बाळंतपणासाठी. नववा भरत आला आणि नेमके तेव्हाच खाली फोड पुन्हा उठले… लघवीला गेलं की जीव जायचा.

मला आणि नवऱ्याला जननेंद्रियाचा हर्पीस आहे. कोणाकडून कोणाला आला यावर आम्ही महिनाभर भांडलो, मग कंटाळून सोडून दिलं. विषाणू अंगात मुक्कामाला राहतो, दमलं-भागलं की डोकं वर काढतो, गोळ्यांनी दबतो. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं… कळांच्या वेळी फोड असतील तर सिझरच, नाहीतर लागण होऊन बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

आईने माझं कण्हणं ऐकलं आणि फोड बघितलेच. "नागीण उठली की गं," म्हणत तिने थेट नागीण उतरवणाऱ्या बाईला बोलावलं. बाई गेरू कालवून मंत्र म्हणायला तयार…

मी आईला आत नेऊन सगळं सरळ सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली. "कोणापाशी बोलू नको पोरी, लोकं काय म्हणतील." बाईला चहा पाजून परत पाठवलं, पण माझ्याशी दिवसभर बोलली नाही. वाईट वाटलं मला, पण सांगितल्याचा पस्तावा नाही झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या. हिंगोली लांब, म्हणून वसमतला एका दवाखान्यात गेलो. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. सिस्टर नुसतं पोट चाचपून म्हणाली, "सगळं बराबर हाय, नॉर्मलच होईल." कळांमुळे माझ्या तोंडून शब्द फुटेना…

तेवढ्यात आई पुढे झाली. सोबत आलेल्या काकू, शेजारीण, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "नॉर्मल न्हाई करायचं. तिला हर्पीस हाय, खाली फोड आलेत. पहिले बघा."

"म्हंजे नागीण व्हय?" काकूने विचारलं.

"न्हाई. हर्पीस," आई म्हणाली, आणि डॉक्टर येईपर्यंत दारातून हलली नाही.

तपासणी झाली, लगेच सिझर झालं. लेक ठणठणीत आहे, आत्ता मांडीवर झोपलीये आणि मी एका हाताने टाइप करतेय.

असे फोड आले तर गेरू लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लाज वाटेल, माझ्या आईलाही वाटलीच होती… तरी ती बोलली, म्हणून माझी लेक सुखरूप आहे.