फुलीवरचा तारा

काहीही बिघडलं की मिस्त्री आधी कान लावायचे. सिग्नलचा खटका असो की स्टेशनातलं घड्याळ, त्याला गाल टेकवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांबा. बोलतंय ते. आयकू द्या."

बोईसर स्टेशनावर मी तिकीट-खिडकीवर होतो, ते सिग्नलचे मिस्त्री. आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. मूळचे ते जवळच्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. होडी सोडून रेल्वेत शिरलेले त्या घरातले पहिलेच. हातात पाना आला की जेवणाची आठवण राहत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या मिस्त्रींनी त्या हातांनी आकाशाचा फोटो काढायचं मनावर घेतलं होतं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम नुकतं सुरू झालं होतं. बोईसरची रात्र अजून काळी होती. मिस्त्रींना फोटो हवा होता देवयानी नक्षत्रातल्या एका पुसट ठिपक्याचा. "आपल्यासारकी दुसरी आकाशगंगा हाय ती," ते सांगायचे. कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं. तिचा उजेड इतका कमी की कॅमेरा पाऊण तास उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात आकाश सरकतं, म्हणून कॅमेराही त्याच चालीनं सरकला पाहिजे. त्यासाठी त्यांनी क्वार्टरमागे विटांचा खांब बांधला, त्यावर ध्रुवाकडे रोखलेला लोखंडी दांडा बसवला आणि तो फिरवायला जुन्या ग्रामोफोनची मोटर लावली. कॅमेऱ्याशेजारी मोजणीदारांची एक जुनी दुर्बीण. तिच्यात बारीक धाग्यांची फुली होती. एक तारा त्या फुलीवर धरायचा आणि हलला की स्क्रू फिरवून परत आणायचा.

"तारा फुलीमागं दडला की समजायचं, जाग्यावर हाय," ते मला शिकवायचे.

पण फोटो धुऊन पाहावा तर प्रत्येक तारा अळीसारखा लांबुळका.

दोन हिवाळे ते त्या अळीच्या मागे लागले. दांडा ध्रुवापासून किंचित ढळलेला निघाला, तो सरळ केला. मोटरची स्प्रिंग शेवटी शेवटी सैल पडायची, ती बदलली. चाकांच्या दात्यांत ढिलाई होती, तर भावाच्या जाळ्याची शिशाची वजनं आणून एका बाजूला बांधली, म्हणजे दाते एकमेकांना टेकून राहतील. मालगाडी गेली की खांब थरथरायचा, म्हणून मी मालगाड्यांच्या वेळा कागदावर लिहून देऊ लागलो. दर वेळी अळी थोडी आखूड व्हायची. जायची मात्र नाही.

मिस्त्रींची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा दारातून म्हणाल्या, "यंत्राची दिष्ट काडू काय?"

मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "काड. तेवडंच राहिलंय."

तिसऱ्या हिवाळ्यात, संध्याकाळची पॅसेंजर सुटल्यावर मी मागे गेलो. ते दुर्बिणीला उजवा डोळा लावून बसले होते. पायात गोळा आला म्हणून उठले.

"बाबू, जरा बसा इथं. दडलेला हाय, नुसतं बगत राहा."

मी डोळा लावला. तारा फुलीपासून बराच बाजूला होता, उघडा, लखलखीत.

"मिस्त्री, तारा बाहेर आलाय."

ते वाकले. पुष्कळ वेळ पाहत राहिले. "नाय. दडलेलाच हाय."

मी पुन्हा पाहिलं. "बाहेर आहे, मिस्त्री."

त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. दारातल्या कंदिलाचा उजेड माझ्या अंगावर होता.

"तुमची टोपी दिसते," ते म्हणाले. "खांदे दिसतात. तोंड नाय दिसत."

कॅमेरा उघडाच होता. तो बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

"दोन वर्सं मी मोटर उघडत बसलो, बाबू," ते म्हणाले.

त्यावर मी जे म्हणालो त्याची आजही लाज वाटते. "डोळ्यांच्या तपासणीला अजून वर्ष आहे. डावा चांगला आहे ना? मग कुणाला बोलू नका."

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "तुमी तिकीट देता ना, ती मानसं गाडीत बसतात."

सकाळी ते स्वतः साहेबांकडे गेले आणि सांगून आले. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध डाग आहे, डाव्यातही सुरू झालाय, उपाय नाही. सिग्नलचं काम सुटलं. घाटापलीकडच्या रेल्वेच्या एका गोदामात हत्यारं देण्याघेण्याच्या कामावर बदली झाली.

निघायच्या आठवड्यात वहिनी दुर्बिणीपाशी बसल्या. "जाली विनून माजी नजर बसलेली हाय," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते दावा." मिस्त्रींनी एकदाच सांगितलं. पाऊण तास वहिनींची फक्त दोन बोटं हलत होती. मी घड्याळ धरून उभा होतो. मिस्त्री मागे उभे होते, हात पाठीशी बांधून.

फोटो त्यांनी स्वतः धुतला. अंधारातलं काम, त्याला डोळे लागत नव्हते. तारे टाचणीच्या टोकांसारखे आले होते आणि मधे ती आकाशगंगा, तिरपी, लंबगोल, धुक्याच्या पुंजक्यासारखी. मिस्त्रींनी कागद बाजूला धरला, डोळ्याच्या कडेनं पाहायचा प्रयत्न केला, मग वहिनींच्या हातात दिला.

"गोल हायत?"

"गोल हायत."

"सगले?"

"सगले."

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि आत निघून गेले.

बदलीच्या गावाहून त्यांची दोन पत्रं आली. ओळी एकमेकींवर चढलेल्या, अर्धं वाचताच यायचं नाही. मी उत्तरं मोठ्या अक्षरांत लिहिली. तिसरं पत्र आलं नाही.

तीन-चार वर्षांनी तारापूरच्या बाजारात सुके बोंबील विकताना वहिनी दिसल्या. कपाळ मोकळं होतं. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "पावसाआधी गेले, बाबू. ताप आला आनि गेले."

मी खाली बसलो. शेवटी त्यांना काही दिसत होतं का, ते विचारलं.

"उजेड-अंधार, तेवडंच. थंडीचे दिस आले की सांजचे ओट्यावर बसायचे आनि इचारायचे, देवयानी कुठवर आली? मी सांगायची."

"रोज?"

"रोज," वहिनी म्हणाल्या. "आभाल भरलेलं असलं तरी सांगायची."