बिब्ब्याचे चटके

प्रयागबाईला नवऱ्याच्या चिघळलेल्या पोटरीचा वास अजून आठवतो. नागोराव गुडीहत्नूरच्या बाजारात भाजी विकायचा. शंभर पावलं चालला की पोटरी वळायची, थांबला की सुटायची. शेजारच्या डोमाजीनं वात ठरवून बिब्ब्याचे चटके दिले आणि जखम चिघळली.

आदिलाबादच्या डॉक्टरला पावलाची नाडीच लागेना. "पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यात, हृदयाच्याही तुंबल्या असतील. बिडी आजच सोडा."

"पाय दुखते अन् हा छातीचं सांगते!" सोबत आलेला डोमाजी बाहेर येऊन फिदीफिदी हसला आणि त्यानंच नागोरावला बिडी पेटवून दिली.

महिन्याभरात छातीत कळ येऊन नागोराव गेला. तेरवीच्या पंगतीत डोमाजी भुरके मारत म्हणाला, "छातीचं कोणाले माहीत होतं?"

प्रयागबाईनं त्याच्यापुढची पत्रावळ ओढून घेतली. "तुमाले माहीत होतं, भाऊजी. उठा!"