नक्शासाबांचं आभाळ

नक्शासाबांना कुठलाही आकडा एकदा सांगून भागत नसे. मी कॅटलॉगमधून वाचायचं, त्यांनी तो आकडा मोठ्यानं परत म्हणायचा, मी "बरोबर" म्हणायचं, आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसायचा. पुसून झाला की म्हणत, "बाई, फिरून एकदा सांगा." तेव्हा कुठे टाक शाईत बुडे आणि कापडावर एक टिंब उमटे. हा एक तारा झाला. असे पाचशेच्या वर तारे होते, मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला आयुष्यात इतरही कामं होती.

मी उस्मानाबादला मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होते. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. कुठल्याशा कॉलेजनं काढून टाकलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात आमच्या शाळेला ताऱ्यांचा एक इंग्रजी कॅटलॉग मिळाला. त्यात चित्र म्हणून एक नव्हतं, नुसते रकाने. तारा पूर्वेकडे किती तास-मिनिटं, विषुववृत्ताच्या वर किंवा खाली किती अंश, आणि त्याचं तेज किती. या आकड्यांवरून भिंतीएवढा आकाशाचा नकाशा काढता येईल, असं मी शिक्षकांच्या खोलीत बोलून गेले आणि तिथंच फसले. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दुसऱ्याच दिवशी शाळेमागं राहणाऱ्या नक्शासाबांना बोलावून आणलं.

निजामाच्या काळापासून ते मोजणीच्या कचेरीत नक्शानवीस होते. शंकू-साखळी घेऊन लोक शेतं मोजून यायचे आणि हे त्या मापांचे नकाशे काढायचे. नुकतेच निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला नोकरीत. तो सारखा बोलावत होता आणि हे "एक काम उरलंय" म्हणून टाळत होते. कुठलं काम, ते त्यांनी मला पुष्कळ उशिरा सांगितलं. कचेरीचा कारभार उर्दूतून मराठीत आला तसे त्यांचे सगळे नकाशे पुन्हा उतरवले गेले, आणि खालच्या कोपऱ्यात उतरवणाऱ्याची सही आली. तीस वर्षांच्या कामावर त्यांचं नाव कुठं उरलं नव्हतं. आपल्या सहीचा एक तरी नकाशा मागं राहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. "आभाळाचा बरा," ते म्हणाले, "इथं कुणी पोटहिस्से पाडायचं न्हाय."

सुरुवातीला त्यांनी टेबलावर ट्रेसिंगचं निळसर कापड ताणून बसवलं, चोवीस तासांच्या चोवीस उभ्या रेघा आखल्या आणि मला विचारलं, "शून्य कुठं धरू? उजवीकडून सुरू करू?" उर्दू लिहिणाऱ्या त्यांच्या हाताला तीच सवय होती. आधीच रेघा आखण्यात चार संध्याकाळी गेल्या होत्या आणि माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, "निजामाचं राज्य गेलं, नक्शासाब. आता डावीकडून सुरू करतात." ते "जी" म्हणाले आणि टेबलाच्या डाव्या टोकाला गेले.

त्यानंतरचे सात महिने आठवले की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. ताऱ्यांच्या तेजाला त्यांनी जमिनीसारखी प्रत लावली. अव्वल, दुय्यम, सोयम. चौथ्या प्रतीच्या ताऱ्यांना ते खुश्की, म्हणजे कोरडवाहू, म्हणत आणि त्यांची टिंबं काढताना जरा नाराजच दिसत. प्रत्येक प्रतीला वेगळा टाक, प्रत्येक टाकाला वेगळं फडकं. खोलीत चहा आणायचा नाही. पंखा तर नव्हताच, पण माझा पदर हलला तरी ते टाक वर धरून थांबत.

एकदा माझ्या मेलीच्या तोंडून निघून गेलं की कॅटलॉग पन्नासेक वर्षांपूर्वीचा आहे आणि तेवढ्या काळात ताऱ्यांचे आकडे किंचित सरकतात. झालं. त्यांनी टाक खाली ठेवला. "म्हणजे फेरफार घालायला पायजे," ते म्हणाले. शेताचा मालक बदलला की कागदोपत्री जो बदल घालतात, तो फेरफार. मी परोपरीनं सांगितलं की भिंतीवरच्या नकाशात हा फरक मुगाच्या डाळीएवढासुद्धा दिसणार नाही. त्यांचं एकच, "जुन्या रेकॉर्डावर नवा नक्शा काढत नसत्यात, बाई." मग काय, पाचशे ताऱ्यांचे दोन-दोन आकडे मी घरी लॉगच्या कोष्टकांवरून दुरुस्त करत बसले. माझी आई म्हणायची, स्थळं येऊन परत जातायत आणि ही बसलीय बेरजा करत. मी नक्शासाबांवरचा राग आईवर काढायची.

नावं मात्र त्यांनी मराठीत घातली. देवनागरी अक्षरं त्यांनी पन्नाशीनंतर कचेरीच्या परीक्षेसाठी गिरवली होती. 'कृत्तिका' लिहायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली आणि मी समोर दातओठ खात बसले होते. पण अक्षर काय उतरलं होतं, ते खोटं का सांगू? शेवटी पौषात नकाशा पुरा झाला. त्यांनी कोपऱ्यात उर्दूत बारीक सही केली आणि बराच वेळ तिच्यावर फुंकर घालत राहिले. मी मनात म्हटलं, सुटले.

कसली सुटते? म्हणाले, "आता मौक्यावर जाऊन पडताळा घ्यायचा." नकाशा जागेवर नेऊन ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्या लेखी तो नकाशाच नव्हता. एका रात्री आम्ही कापड घेऊन शाळेच्या गच्चीवर गेलो. एक टोक मी धरलं, दुसरं मोठ्या बाईंनी, आणि नक्शासाब होकायंत्र घेऊन दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. मृग बरोबर समोर आला होता. मृगाच्या खाली व्याध. आभाळात तो डाव्या हाताला होता. आमच्या कापडावर उजव्या हाताला.

मी आधी कापड तपासलं, मग होकायंत्रावर संशय घेतला. मग रोहिणी पाहिली, तीही भलत्या बाजूला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. जमिनीच्या नकाशात पूर्व उजवीकडे असते, कारण आपण जमीन वरून पाहतो. आभाळ खालून पाहायचं असतं, तिथं पूर्व डावीकडे येते. तासांचे आकडे पूर्वेकडे वाढत जातात, म्हणजे शून्य उजवीकडे हवं होतं. सात महिने मी, गणिताची पदवी घेतलेली बाई, आरशातलं आभाळ काढवून घेत होते. नक्शासाबांनी वर पाहिलं, मग कापडाकडे. म्हणाले, "वरून बघणाऱ्याला असंच दिसंल. आपुन खाली ऱ्हातो, बाई."

मोठ्या बाईंनी विचारलं, ही चूक कुणाची? मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "नक्शा माझा हाय. चूकबी माझीच." आणि मी तोंड मिटलं. नवी नोकरी होती, मोठ्या बाई कडक होत्या, ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्या गच्चीवर मी गप्प बसले, हेही तितकंच खरं आहे.

उपाय त्यांनीच काढला. कापड आरपार दिसणारं होतं. उलटं केलं की आभाळ सुलटं. राहिली नावं. मुलाचं पत्र आलं होतं, आठवड्यात निघायचं होतं. त्या आठवड्यात त्यांनी एकेक नाव ब्लेडनं हलक्या हातानं खरवडून काढलं आणि दुसऱ्या अंगानं पुन्हा लिहिलं. 'कृत्तिका' या वेळी पाच मिनिटांत झालं. कापडाला एक भोक पडलं नाही. मी रोज समोर बसायची आणि रोज ठरवायची की आज बोलायचंच. पण ते अक्षरांमधून मान वर काढत नसत, आणि मला तेवढं निमित्त पुरत होतं.

सगळी नावं झाली, फक्त सही मागच्या अंगाला राहिली. समोरून ती उलटी दिसत होती. मी म्हटलं, ही खरवडून इकडून करा, हिच्यासाठीच तर सगळं केलंत. त्यांनी चष्मा पुसला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "चूक ज्या बाजूला झाली, त्या बाजूला सही पायजे. उद्या कुणी विचारलं तर तुमचं नाव निघाया नको."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून सगळं आठवत होतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यातही संतापच आला, की या माणसानं एकदा तरी मला सुनवायचं होतं, म्हणजे फिटंफाट झाली असती. दोन दिवसांनी मी त्यांना येडशी स्टेशनपर्यंत पोचवायला गेले. वाटेत एसटीत मी एकदाचं म्हटलं, "नक्शासाब, त्या दिवशी मी तुम्हाला फार वाईट बोलले." गाडीचा खडखडाट चालला होता. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "बाई, फिरून एकदा सांगा." मी फिरून सांगितलं. त्यांनी माझं वाक्य सवयीप्रमाणं सगळं परत म्हटलं, आणि "बरोबर" एवढंच बोलून खिडकीबाहेर बघत बसले. पुढे चार-पाच वर्षं त्यांची कार्डं यायची. मग एकदा मुलाचं आलं.

नकाशा शाळेत खिडकीपाशी लावला होता, मागून उजेड यावा म्हणून. कितीएक मुली त्यावरून मृग आणि व्याध शिकल्या. मी निवृत्त झाले त्या वर्षी चौकट बदलायला काढली, तेव्हा कापड मी पुन्हा टेबलावर पसरलं. टाक मिळाला, शाईही मिळाली. मागच्या अंगानं, त्यांच्या सहीला लागून, मी माझी सही केली. चौकट बसवायला आलेला सुतार म्हणाला, "बाई, उलटी उमटली की हो सही." मी त्याला काच लावायला सांगितलं. आता समोरून पाहिलं की माझं नाव उजवीकडून सुरू होतं.