पुढचे खांब, मागची चूल

आमच्या घरात सुतारकाम पणज्यापासून चालत आलेलं. मी कर्ता झालो तेव्हा, म्हणजे पन्नास सालानंतर, धंद्यात आम्ही तिघेच होतो : वडील, काका आणि मी. घरामागे झावळ्यांचा माटव, म्हणजे मांडव, त्यात लाकूड, अवजारं आणि काकाच्या बढाया. आपल्या आजोबांनी संस्थानच्या राजवाड्याचं काम केलं होतं, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. बांद्यापासून मालवणपर्यंत असं सांगणारे सुतार मला इतके भेटले, की तेवढ्यांनी एकेक दार केलं असतं तरी त्या राजवाड्याला भिंतच उरली नसती.

वडील बढाया मारत नसत. ते कुणाला काहीच सांगत नसत. गिऱ्हाईक म्हणेल ते खरं, हाच त्यांचा धंदा. गिऱ्हाइकाने आंब्याला फणस म्हटलं तर वडील मान डोलवून फणसाचं माप घ्यायचे.

आरोंद्याला खाडीकाठी एक सुपारीचा व्यापारी राहायचा. त्याचं दुकान बांद्याच्या बाजारात. लोक त्याला शेठ म्हणत, आणि कुणी नुसतं नावाने हाक मारली तर त्याला ऐकू येत नसे. त्याच्या मुलासाठी फोंड्याच्या एका कापडवाल्याची मुलगी सांगून आली होती. तुळशीच्या लग्नानंतर ती माणसं घर बघायला येणार होती, म्हणून त्याने आम्हाला बोलावलं.

"मेस्त्री," तो वडिलांना म्हणाला, "पुढचो भाग असो होवक व्हयो, की फोंड्याची माणसां पडवीर पाय ठेवताच गप झाली पायजेत."

पडवीला फणसाचे कोरीव खांब, त्यांच्यावर पोपट, पुढे दुहेरी दार आणि खिडक्यांना रंगीत काचा. काकाचे डोळे चमकले. मी मात्र सवयीने मागे जाऊन घर पाहून आलो. स्वयंपाकघराचं आढं वाळवीने पोखरलं होतं. एक वासा खाली आला होता आणि त्याला माडाच्या खोडाचा टेकू दिलेला होता. त्या टेकूशेजारीच चूल. शेठची बायको तिथे बसून मासे कापत होती.

"वासो खाली इलोहा," ती हळूच म्हणाली. "माका भिया वाटता. तुमी तेंका सांगा."

मी जाऊन सांगितलं. शेठ हसला.

"थंय कोण बघूक जाता? पावणे काय चुलीर बसतले?"

काका त्याच्याबरोबर हसला. वडिलांनी मान डोलवली.

काम झालं. काकाने पोपट कोरले ते चांगले कोरले, ते मी नाकारत नाही. शेवटी शेठने आणखी एक काम सांगितलं. माजघरातून स्वयंपाकघरात जायला नुसती मोकळी चौकट होती, तिला दार करायचं, आणि कडी माजघराच्या बाजूने. कशासाठी, ते पाहुणे आले त्या दिवशी कळलं. कडी लावून त्यावर देवाची मोठी तसबीर अडकवली होती. शेठची बायको पलीकडे रांधत होती. पोह्यांच्या बश्या घराला वळसा घालून परसातून पुढे येत होत्या. इतक्या लांबून पोहे यायला वेळ लागत होता, आणि शेठ तोवर रंगीत काचांची तारीफ ऐकत होता.

आम्हालाही त्याने मुद्दाम थांबवून घेतलं होतं. घरात अजून काम चालूच आहे, असं दिसावं म्हणून मी एक गुळगुळीत फळी पुन्हा रंध्याने तासत होतो. नवरा मुलगा कोपऱ्यात बसला होता. त्याचा भांग इतका सरळ, की वडिलांनी सूत मारून पाडून दिल्यासारखा. तोंडातून शब्द नाही.

मुलीचा बाप खाऊन झाल्यावर पडवीत आला. खांबावर हात फिरवून त्याने वडिलांना विचारलं, "लाकूड बरा आसा, मेस्त्री. मागे पण असाच काम आसा मां?"

शेठ दारातच उभा होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"तसाच आसा," ते म्हणाले.

त्या माणसाने विश्वास ठेवला. कापडवाला होता, पदर उलटून बघायची त्याला सवय असणार. पण सुताराचा शब्द त्याने उलटून बघितला नाही. लग्न झालं. वडिलांशी मी त्या गोष्टीवर कधी भांडलो नाही. ज्याला पाठीचा कणाच नाही त्याच्याशी भांडून काय करणार?

पुढच्या श्रावणात एका दुपारी तो टेकू सरकला आणि स्वयंपाकघराचं छप्पर चुलीवर बसलं. सासूचा हात भाजला. सुनेने तिला ओढून बाहेर काढलं. शेठ दुकानात होता. मुलगा घरातच होता, पण तो शेजाऱ्यांना बोलवायला धावला आणि सगळं आटपल्यावर परत आला.

दोन दिवसांनी सून आमच्या माटवात येऊन उभी राहिली. एकटी, छत्री घेऊन, पायांना चिखल. तिने मला आणि काकाला पाहिलं आणि सरळ वडिलांसमोर गेली.

"तुमीच मां माज्या बापाशीक सांगल्यात, मागे तसाच आसा म्हणान?"

वडील करवतीच्या दातांकडे बघत राहिले.

"मगे आता तसाच करून देवा," ती म्हणाली. "लाकूड आमच्या पडवीत उभा आसा. काढून घेवा."

काकाने अवजारं खाली ठेवली. स्वतः कोरलेल्या खांबांना तो हात लावणार नव्हता, म्हणे. वडील शेठच्या भीतीने येईनात. तेव्हा दोन गडी घेऊन मी गेलो, आणि सांगतो, इतक्या आनंदाने मी दुसरं काम केलेलं नाही. मी पडवीच्या पाटाला, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळईला, माडाचे टेकू लावत होतो, तोच शेठ बांद्याहून आला.

"माज्या खांबांक हात लावलंस तर बघ! पडवी बोडकी दिसात! लोक काय म्हणतले?"

सून दारात आली. पदर डोक्यावर, आवाज खाली.

"लोक भायर बसतत, मामांनू. आमी भितुर रांदताव."

"बाबा म्हणतत तर ऱ्हवांदे मां," नवरा पुटपुटला. लग्न झाल्यापासून त्याचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

"तुमचो भांग मोडलो," ती त्याला म्हणाली. "विंचरून येवा."

आणि तो गेला! खरोखर आत विंचरायला गेला.

शेठ माझ्याकडे वळला, काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात त्याची बायको हाताला फडकं बांधलेली बाहेर आली आणि सुनेशेजारी उभी राहिली. शेठने दोघींकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि परसात निघून गेला.

खांब स्वयंपाकघरात उभे राहिले. थोड्याच महिन्यांत पोपट धुराने काळे झाले. सासू एकाच्या चोचीला पळी अडकवायची. पुढे माडाच्या टेकूंखाली बसून शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, की खांब पॉलिश करायला गोव्याला पाठवलेत. ते गोव्याहून कधी आले नाहीत आणि त्याला विचारण्याचा कंटाळा लोकांनाच आला.

काकाने त्याच वर्षी वेगळा माटव घातला. मी घराण्याची कला चुलीत घातली, असं तो सगळीकडे सांगत फिरला. वडील त्याच्याकडे गेले. त्यांना मान डोलवायला कुणीतरी लागत होतं, आणि मी कुणाला काही विचारतच नव्हतो. कुणी कामाला बोलावलं की मी आधी स्वयंपाकघर दाखवा म्हणायचो. अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरायची, आणि ती थेट काकाकडे जायची. काकाचा धंदा माझ्यापेक्षा चांगला चालला. साठ सालानंतर त्याने कौलारू कारखाना बांधला, पाटी लावली, दोन माणसं ठेवली. माझं मात्र बायकांच्या निरोपांवर चालायचं : मोरीचं दार कुजलंय, माळा डुगडुगतोय, नवऱ्याला कळायच्या आत येऊन जा.