पहिल्या पानावर काय लावायचं

आईचं वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे दुपारच्या एस्टीनं गेले आणि केजच्या घरात मी आणि अप्पा दोघंच उरलो. अप्पा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी चार पानांचं एक साप्ताहिक चालवलं. बातम्या ते लिहायचे, छापून आणायचे आणि आई कणकेची खळ करून अंकांवर पत्ते चिकटवायची. आता साप्ताहिक बंद, आई नाही, आणि हा माणूस नुसता पंख्याकडं बघत बसलेला. मला ते बघवेना. मी लॅपटॉप काढला आणि पुण्यातल्या मैत्रिणीनं दिलेला एक गेम लावला.

गेम असा, की आपण वर्तमानपत्राचे संपादक. देशात हुकूमशाही. बातम्या येत राहतात, त्यातली कुठली पहिल्या पानावर लावायची, कुठली आत आणि कुठली कचऱ्यात टाकायची, ते आपण ठरवायचं. आपली बायको सरकारनं नेऊन ठेवलेली. सरकारचं कौतुक छापलं तर ती परत येणार, नाहीतर नाही.

"इंग्रजीत हाय ना पण?" अप्पा म्हणाले.

"मी सांगते की वाचून!"

अप्पा त्या सरकारची पार जिरवणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. मी शाळेत असताना त्यांनी जे केलं होतं, ते मी पाहिलं होतं. आमच्याकडच्या साप्ताहिकात पहिल्या पानाचा खालचा अर्धा भाग पुढाऱ्यांच्या वाढदिवसांसाठी राखलेला असतो. हार घातलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची ही लांब रांग. त्याच्याच जिवावर अंक निघतो. एका पुढाऱ्याच्या ऐन वाढदिवसाला अप्पांनी त्याची जाहिरात उचलून आत टाकली आणि त्या जागी बातमी लावली, की याच्या टँकरच्या खेपा कागदावरच होतात, गावात पाण्याचा थेंब पोचत नाही. झालं! जाहिराती बंद पडल्या. दारात जीपगाड्या येऊन थांबायला लागल्या, त्यातली माणसं आईच्या देखत घाण घाण शिव्या द्यायची. शेवटी मामा आला आणि आईला अन् मला धारूरला घेऊन गेला.

"तुमी बी चला," आई म्हणाली होती.

"एवढा अंक निघू दे," अप्पा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात निरोप आला, तोही तोच. असं करत वर्ष गेलं. मी धारूरच्या शाळेत ताठ मानेनं फिरायचे. माझा बाप कुणाच्या बापाला भीत नाही! आई मात्र पोस्टानं आलेला अंक मांडीवर घेऊन बसायची. अप्पांनी वाकडा चिकटवलेला पत्ता बोटानं सरळ करायला बघायची आणि म्हणायची, "खळ लई पातळ करतेत."

तर गेममध्ये दोन बातम्या आल्या. एक, राष्ट्राध्यक्षांचं जंगी स्वागत. दुसरी, राजधानीत नळ कोरडे.

"स्वागत वर घे," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. "अप्पा, अहो पाणी!"

"ते आत टाक."

"आत? काय करायलाव तुमी? आणि का म्हणून?"

"टाक म्हणलं की! ती बाई कवा सुटती ते बघ आधी."

मी तापट आहे, मला राहवेना. असली हांजी हांजी तुम्हाला शोभते का, असं तोंडावर विचारलं. अप्पांनी चष्मा वर सरकवला आणि पुढचं कौतुक लावायला सांगितलं. मग त्याच्या पुढचं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या हुकूमशहाची आरती ओवाळली. शेवटी पडद्यावर एक दार उघडलं, हातात पिशवी घेतलेली बाई आत आली. खाली लिहून आलं, तुमची पत्नी घरी परतली आहे. मी ते वाचून दाखवलं.

अप्पा पडद्याजवळ सरकून त्या बाईकडं बघत राहिले.

"टँकरची बातमी चुकली का मग तुमची?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"बातमी बरोबर हुती. पण अंक निघाल्यावर काय धाड भरली हुती मला? धारूर काय लांब हाय? जीपनं तासभर बी न्हाई. मला वाटायचं, येतीयच की ती, कुठं जातीय. आली बी. पण ते वरीस गेलं ते गेलंच." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "लई आठवण येती गं तिची."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मलाही आई हवी होती, त्याच क्षणी, खळीच्या हातानं पदर सावरत आत येणारी. डोळे पुसून, काहीतरी करायचं म्हणून मी पुढच्या अंकाचं बटण दाबायला गेले, तर अप्पांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. पुढं गेलं की परत नेतील तिला."

लॅपटॉप मी केजलाच ठेवून आले. फोनवर कधीतरी विचारते, "काय संपादक, काढला का पुढचा अंक?"

"न्हाई," अप्पा म्हणतात. "चार्जिंगला लावून ठिवलाय. ती घरातच हाय."