आत्याच्या पट्टीतलं व्हायोलिन

वडील गेले आणि गिरीज गावातल्या आमच्या आळीच्या क्रुसापुढचं व्हायोलिन थांबलं. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे रोझरीची प्रार्थना होते, शेवटी गाणं होतं, आणि त्या गाण्याला वर्षानुवर्षं वडील साथ करत. यंदा आळीच्या कमिटीने तोडगा काढला: स्पीकरवर रेकॉर्डिंग. "क्वालिटीही मिळेल," सेक्रेटरी म्हणाले. हा शब्द ऐकला की आपलं काहीतरी जाणार हे मी ओळखतो. म्हणालो, "मी वाजवीन."

निवृत्त माणसाच्या घोषणेला लोक प्रेमाने हसतात. लहानपणी दोन वर्षं गज ओढला होता, तेवढंच भांडवल. मोबाइलवर तीन ॲप घेतली. पहिलं प्रत्येक धड्यानंतर पडद्यावर फुलं उधळायचं. नुसती व्हायोलिनची पेटी उघडली तरी माझा सत्कार. दुसऱ्यात काळ्या कोटातले एक गृहस्थ संगीतातून आत्मशोध कसा घडतो ते सांगत. व्हायोलिन खांद्यावर येईपर्यंत धडा संपे. तिसरं माझं वाजवणं ऐकायचं. चुकलं की लाल, जमलं की हिरवं. फुलं नाहीत, प्रवचन नाही. मी त्याच्याकडे राहिलो.

त्याचा पहिला हुकूम: तारा सुरात लावा. वडिलांच्या व्हायोलिनच्या तारा बऱ्याच खाली उतरल्या होत्या. पडून पडून सैल झाल्या असतील, असं समजून मी खुंट्या पिळल्या. चारही तारा सारख्याच कशा उतरल्या, हा प्रश्न मला पडला नाही. एप्रिल संपता संपता माझं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवं झालं.

पहिल्या संध्याकाळी गाणं नेहमीप्रमाणे आत्याने उचललं. दुसऱ्या ओळीत तिचा आवाज चिरकला. तिसरीत बाकीच्या बायका गप्प झाल्या. हिरवंगार गाणं मी एकटाच वाजवत होतो.

"गळा दाबायला आलास काय रे?" आत्या म्हणाली. "माझा भाऊ आमच्यासाठी तारा उतरवायचा. दर मे महिन्यात थोड्या थोड्या. आम्ही म्हाताऱ्या झालो तसं त्याचं व्हायोलिनही म्हातारं झालं."

सेक्रेटरींनी स्पीकरकडे हात नेला. "लावू?"

"हात काढा," मी म्हणालो. "आत्या, तू गुणगुण."

ती गुणगुणत राहिली आणि मी एकेक तार तिच्या आवाजापर्यंत खाली आणली. बराच वेळ गेला. डास चावत होते, पण कोणी उठलं नाही. मग सगळ्या गायल्या, शेवटच्या कडव्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी तेच गाणं ॲपला ऐकवलं. पडदा लालेलाल. 'आधी वाद्य सुरात लावा.' मी लावलं नाही. ॲप काढलंही नाही. रोज सकाळी त्याच्यासमोर वाजवतो, ते रोज लाल होतं. वर्षभरात आत्याचा आवाज आणखी थोडा खाली येईल. मीही येईन. त्याने हवं तेवढं लाल व्हावं.