वीस वर्षांनंतरचं झाड

लँडस्केप आर्किटेक्चरच्या मास्टर्सला आम्ही नकाशात झाड दाखवतो ते थेट वाढलेलं, मोठा हिरवा गोल. रोप कुणीच रेखाटत नाही. माझ्या प्रबंधासाठी मी ज्या बाजाराचा आराखडा करतेय, तिथे एक भाजीवाल्या मावशी भर उन्हात बसतात. काल त्यांना नकाशा दाखवला.

"मावशी, तुमच्या डोक्यावर हा कडुनिंब. गर्द सावली."

"कधी गं?"

मला त्या गोलाची लाज वाटली. "वाढायला पंधरा-वीस वर्षं लागतील."

सत्तरीच्या मावशी रागावल्या नाहीत. मेथीवर पाणी शिंपडून म्हणाल्या, "मग हा कागद तरी ठेवून जा." आणि तो त्यांनी डोक्यावर धरला.

दोन वर्षं शिकून मला देता आलेली सावली एवढीच. तीही त्यांनाच हात दुखेपर्यंत धरून बसायची होती.